उन्हात स्क्रीन एक्स्पोज करताना बारीक रेषा उघडत नाहीत, वेळ किती द्यायचा?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, घरीच स्क्रीन प्रिंटिंग चालू केलंय. जाळीवर लावायचं इमल्शन (उजेडात कडक होणारा थर, काळ्याखाली झाकलेला भाग धुताना निघून जाळी उघडते) डायझोचं, म्हणजे डायझो रसायन मिसळलेलं, यूव्ही लाइट नाही म्हणून स्क्रीन सरळ उन्हात ठेवते. होतं असं की मोठी अक्षरं धुताना मस्त उघडतात पण बारीक रेषा बंदच, म्हणून वेळ कमी केला तर इमल्शन आतल्या बाजूने बुळबुळीत लागतं आणि अक्षरांच्या कडा सुटून येतात. पॉझिटिव्ह, म्हणजे डिझाइनची काळी प्रिंट, लेझर प्रिंटरवर ट्रान्स्परन्सीवर (पारदर्शक फिल्मवर) काढलाय. एकाच स्क्रीनवर जास्त पण आणि कमी पण, असं कसं? आणि ऊन रोज वेगळं, मग वेळ ठरवायचा तरी कसा?

जाळीकाम:
हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एकत्र दिसतायत इतकंच. आतून बुळबुळीत म्हणजे ऊन कमी पडलं, कारण ऊन छापायच्या बाजूने शिरतं, तिकडचा थर आधी कडक होतो आणि स्क्वीजीकडचा (शाई ओढायची रबरी पट्टी फिरते त्या आतल्या बाजूचा) कच्चा राहतो. तेव्हा वेळ कमी नाही, वाढवायचाय.

मग बारीक रेषा का बुजतात, तर तुमचं काळं पुरेसं काळं नाही. लेझरचा टोनर नुसता बघताना काळाकुट्ट वाटतो पण फिल्म उजेडासमोर धरा, सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतील, दुपारचं ऊन तिथून आरपार जातं आणि रेषेखालचं इमल्शनही पिकवतं. तीच प्रिंट दोनदा काढा आणि एकावर एक तंतोतंत बसवून टेप लावा. इंकजेट मिळत असेल तर शाई जास्त सोडायच्या सेटिंगवर काढा, ते बहुतेक वेळा लेझरपेक्षा दाट येतं.

आणि कोटिंग पूर्ण वाळलंय ना? ओल राहिली असेल तर कितीही ऊन द्या, धुताना सुटणारच. अंधारात, आडवी, छापायची बाजू खाली करून, पंख्याखाली वाळवा.

दुपारचीवेळ:
वेळेसाठी पट्टी टेस्ट करा प्लीज, दुसऱ्याचा आकडा घेऊन उपयोग नाही, इमल्शन वेगळं, जाळी वेगळी, थर वेगळा. बारीक रेषांची फिल्म लावा, सगळं १५ सेकंद उघडं ठेवा, मग एका टोकाची पट्टी पुठ्ठ्याने झाका, आणखी १५ सेकंदांनी पुठ्ठा पुढे सरकवा, मग ३० सेकंदांनी, मग ६०, मग १२०. म्हणजे एकाच स्क्रीनवर १५, ३०, ६०, १२० आणि २४० सेकंद मिळतात. धुतल्यावर जी पट्टी आतून बुळबुळीत नाही आणि जिच्या रेषाही उघडल्यात, तो तुमचा वेळ.

रोजच्या उन्हाचं म्हणाल तर आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाच काम करायचं आणि आकाश निरभ्र हवं. इमल्शनला लागतो तो यूव्ही आणि जांभळा-निळा प्रकाश, साधारण ३५० ते ४२० नॅनोमीटरचा, आणि सूर्य खाली गेला की यूव्ही उजेडापेक्षा लवकर घटतो, त्यामुळे संध्याकाळी लख्ख दिसलं तरी फसगत होते. ढगाळ दिवशी तर नकोच, उजेड सगळीकडून येतो आणि काळ्याच्या कडेखाली घुसतो. स्क्रीन सूर्याकडे तोंड करून तिरपी ठेवा.

निळीशाई:
खूप आभार दोघांचे! फिल्मची टोनरची बाजू वर की खाली? आणि एका जुन्या रेसिपीत इमल्शनमध्ये डायक्रोमेट (क्रोमियमचं रसायन) घालायला सांगितलंय, ते चालेल का?

जाळीकाम:
टोनर खाली, इमल्शनला चिकटून. प्रिंट साधी सुलटीच काढा, मिरर करू नका, फिल्म पालथी घातली की छापायच्या बाजूने डिझाइन उलटं दिसेल आणि तेच बरोबर. वर साधी काच, जाळीच्या आत काळं कापड गुंडाळलेला फोम, म्हणजे फिल्म आणि इमल्शनमध्ये हवा राहत नाही. लॅमिनेटेड किंवा यूव्ही अडवणारी काच अजिबात नको. आणि उन्हात नेईपर्यंत सगळं जाड काळ्या कापडात झाकून ठेवा, त्या एवढ्याशा वेळात पण इमल्शनवर परिणाम होतो.

कागदरंग:
डायक्रोमेट घरात आणू नका, हे अगदी मनापासून सांगतो. मंगो पाँटन यांनी १८३९ मध्ये ते लावलेला कागद उन्हात बदलतो हे दाखवलं, पुढे बरीच वर्षं त्यावर काम चाललं, पण ते षट्संयुजी क्रोमियम आहे, कॅन्सर होऊ शकतो, कातडीवर जखमा होतात, आणि धुतलेलं पाणी मोरीत जातं ते वेगळंच. घाई असेल तर तयार मिळणारं फोटोपॉलिमर इमल्शन घ्या, पण ते डायझोपेक्षा फार फास्ट असतं, तेव्हा टेस्ट ५ सेकंदांपासून चालू करा.

अजून एक, एक्स्पोज झाल्या झाल्या दोन्ही बाजूंनी पाणी मारा आणि मिनिटभर थांबा, लगेच जोरात फवारा मारू नका. उघडल्यावर वाळवून स्क्रीन परत उन्हात ठेवली की इमल्शन आणखी पक्कं होतं. नंतर जाळी मोकळी करताना स्ट्रिपर (इमल्शन काढायचं रसायन) त्यावर वाळू देऊ नका, एकदा वाळला की इमल्शन कायमचं बसतं आणि जाळी फेकावी लागते.