मागणं सोडलं, तर देवाशी नातं काय उरतं?

अर्धविराम
मागच्या वर्षी वडिलांची बायपास झाली. ऑपरेशन थिएटरबाहेर साडेचार तास बसलो होतो. शेजारच्या खुर्चीवर साधारण माझ्याच वयाची एक बाई, तिचा नवरा आत. तिचे ओठ सारखे हलत होते. मीही डोळे मिटले, पण शब्दच फुटेनात. मी नास्तिक नाही. पण 'बाबांना वाचव' म्हणायला गेलो की मनात यायचं, त्याला ठाऊक नाही का? ठाऊक असूनही तो माझ्या विनवणीसाठी अडून बसला असेल, तर तो कसला देव? आणि सगळं आधीच ठरवून बसला असेल, तर मी मध्ये कशाला तोंड घालू?

बाबा घरी आले. आत्या म्हणाली, "देवानं ऐकलं हो!" त्या बाईचा नवरा गेल्याचं चौथ्या दिवशी कळलं. मी काही मागितलंच नव्हतं आणि तिनं क्षणभर उसंत घेतली नव्हती. मग ऐकलं कुणाचं?

तेव्हापासून मागणं बंद. आता सतराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ स्पिनोझाचा देव पटतो. सृष्टीबाहेर बसून कारभार हाकणारा नाही, जे जे आहे तेच तो. फक्त एक गोष्ट खटकते. मागणं सोडल्यावर उरतं त्याला नातं म्हणायचं, की डोंगराकडे बघून वाटतं तसलं नुसतं कौतुक?

गणिताचा मास्तर
नात्याचं नंतर बघू. मागून काही होतं का, हे मोजून झालंय, तेही बायपासच्याच रुग्णांवर. अमेरिकेतली सहा रुग्णालयं, १८०२ रुग्ण, निष्कर्ष २००६ साली आले. तीन गट होते. दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यातल्या एकासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली ती अनुक्रमे ५२ आणि ५१ टक्क्यांना. तिसऱ्या गटाला खात्रीनं सांगितलं की होणार, आणि झालीही. त्यांच्यात ५९ टक्के! 'परक्यांनी आपल्यासाठी प्रार्थना करायची वेळ आली, म्हणजे काही खरं नाही' असं वाटलं असेल बिचाऱ्यांना. (हा आपला माझा अंदाज.)

तुझ्या आत्याला दाखव हे आकडे. नको, राहू दे.

निळी शाई
मास्तर, त्या प्रयोगात प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं, आणि चौदा दिवस एक ठरलेलं वाक्य म्हणायला सांगितलं होतं. परक्या पोरानं येऊन 'आई' अशी हाक मारली, बाई वळली नाही, म्हणून ती कुणाची आईच नाही असं ठरवण्यातला प्रकार आहे हा.

अर्धविराम, तुझ्या प्रश्नाचं उत्तर स्पिनोझानंच देऊन ठेवलंय. जो देवावर प्रेम करतो, तो देवानंही उलट आपल्यावर प्रेम करावं असा प्रयत्न करूच शकत नाही, असं तो म्हणतो. संपलं! एकतर्फी मामला. हा माणूस १६५६ साली तेवीस वर्षांचा असताना ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजानं बहिष्कृत केला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १६५४ च्या नोव्हेंबरात, फ्रेंच विचारवंत पास्कालला एका रात्री जे जाणवलं ते त्यानं कागदावर उतरवलं आणि कोटाच्या अस्तरात शिवून टाकलं. तो गेल्यावर नोकराच्या हाताला लागलं. त्यात लिहिलंय, अब्राहमचा, इसहाकचा, याकोबचा देव; तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. आणि हा गणिती होता बरं का, मास्तर.

शिवाय नातं म्हणजे मागणंच, हे कुणी ठरवलं? भांडणाचं काय? न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्य, त्यांनी दहाव्या शतकात ईश्वर आहे हे तर्कानं सिद्ध करायला केवढा खटाटोप केला. आख्यायिका अशी, की ते जगन्नाथाच्या दर्शनाला गेले तर दार बंद. तिथंच त्यांनी देवाला सुनावलं, ऐश्वर्यानं माजलायस तू, पण बौद्ध वादाला उभे राहिले की तुझं असणं माझ्याच हातात आहे! तुकोबांनी तर आपल्यापुरता देव मेला असं सांगून टाकलं होतं. ज्याच्याशी भांडता येत नाही, तो देव मला नको.

खडूस
कितीही भांडलं तरी जी उत्तर देत नाही, तिला आमच्यात भिंत म्हणतात.

निळी शाई
भिंतीचा कधी राग येत नाही, काका.

खडूस
डोकं आपटून बघ. येतो.

रात्रपाळी
मी आयसीयूत नर्स आहे, सतरा वर्षं झाली. तत्त्वज्ञानातलं फार कळत नाही. पण पहाटे तीनला जागे असलेले पेशंट देवाशी बोलतात, आणि मागतात फार कमी. एक आजी होत्या. कुणालाही अरे म्हणायच्या नाहीत, वॉर्डबॉयलासुद्धा 'अहो दादा'. रात्री मात्र ऑक्सिजनचा मास्क एका हातानं बाजूला धरून छताकडे बघत सुरू व्हायच्या, "ऐकतोयस ना? मग कळत कसं नाही तुला?" मास्क लावायचा, दोन श्वास घ्यायचे, की परत बाजूला. मी रागावले तर मला म्हणाल्या, "थांबा हो सिस्टर, बोलणं अर्धं राहिलंय."

साहेबाला आपण अहो म्हणतो, सासऱ्यांना अहो म्हणतो. ज्यांच्याकडून काही हवं असतं त्यांना तर हमखास. देवाला अहो म्हणणारा पेशंट मला अजून भेटलेला नाही.

गणिताचा मास्तर
पावसालाही आपण अरे-तुरे करतो. बंद पडलेल्या गाडीलाही 'चल गं बाई' म्हणतो. भाषेची सवय आहे ती, पुरावा नव्हे.

रात्रपाळी
पुरावा कोण देतंय सर? विषय नात्याचा होता.

निळी शाई
नात्यावरूनच सांगते. वैष्णव आचार्य रामानुजांच्या अनुयायांमध्ये पुढे दोन तट पडले, वडकलै आणि तेनकलै, आणि वाद नेमका हाच होता, देवाला आपण धरायचं की त्यानं आपल्याला. माकडीचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असतं. धरलं नाही तर पडेल. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानगुटीला धरून नेते. वडकलै माकडाच्या बाजूचे, तेनकलै मांजराच्या. अर्धविराम, तू हात सोडलास एवढंच. सोडल्यावर पडलास का?

अर्धविराम
दृष्टान्त सुंदर आहे, पण मला तो टोचतो. मांजरी एक पिल्लू उचलते आणि दुसरं तिथंच ठेवते, तेव्हा ठेवलेल्याला काय सांगायचं? शेजारच्या खुर्चीवरची बाई माकडाच्या पिल्लासारखी धरून होती. मी मांजराचं पिल्लू, उचललं गेलो. यात जर देवाचं नातं बघायचं असेल, तर माझ्यापेक्षा तिनं त्याला जास्त ओळखायला हवं. ते भांडणसुद्धा तिनं करावं. मी कुठल्या तोंडानं भांडू? माझं तर काही गेलंच नाही.

गणिताचा मास्तर
१ नोव्हेंबर १७५५, लिस्बन. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च भरलेली. भूकंपात तीच कोसळली, मेणबत्त्यांनी आगी लागल्या, वर समुद्राची लाट. धरून बसलेलेच होते ते सगळे.

निळी शाई
याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तरी बोलणं थांबवणार नाही मी. अडाणीपणा म्हणा हवं तर.

रात्रपाळी
अर्धविराम, एक विचारू? त्या बाईंशी नंतर बोललात का?

अर्धविराम
नाही. डॉक्टर आधी आमच्याकडे आले. 'व्यवस्थित झालंय' म्हणाले. मी उठलो आणि तिच्याकडे न बघता निघालो. बघवेना. दारापाशी मात्र मनात आलं होतं, 'आता हिचं बघ.' कुणाला म्हणालो कुणास ठाऊक. वर लिहिलंय की मी काही मागितलंच नव्हतं. ते चूक आहे तर.

खडूस
आणि त्यानं बघितलं नाही.

अर्धविराम
हो. नाही बघितलं.