पहिल्या रात्री सगळे, तिसऱ्या महिन्यात कोणीच नाही

निशिगंध_७ (धागाकर्ती)

लैंगिक अत्याचारानंतर मानसिक उपचार मिळत नाहीत, हा विषय निघाला की चर्चा 'तज्ज्ञ कमी आहेत' इथे येऊन थांबते. कमी आहेतच. पण जी काही माणसं या कामाला आहेत, ती सगळी एकाच रात्री हजर असतात आणि मग नाहीशी होतात, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

मी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नऊ वर्षं काढली. पहिल्या रात्रीची घाई खरी असते. एचआयव्ही रोखणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, गर्भधारणा टाळायची गोळी पाच दिवसांच्या आत. मनाचं घड्याळ मात्र तसं चालत नाही. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बलात्काराला सामोऱ्या गेलेल्या ९५ स्त्रियांचा दर आठवड्याला पाठपुरावा केला होता. पहिल्या दोन आठवड्यांत ९४ टक्के जणींमध्ये पीटीएसडीची (आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक विकाराची) लक्षणं होती, तीन महिन्यांनी ४७ टक्के जणींमध्ये. निम्म्या सावरत होत्या, निम्म्या अडकल्या होत्या. कोण कुठल्या बाजूला जाणार, हे पहिल्या रात्री कोणालाच सांगता येत नाही. ते कळायला लागतं तेव्हा विचारणारं कोणी उरलेलं नसतं.

म्हणून माझी मागणी एवढीच: तीन महिन्यांनी एक फोन. तक्रार नोंदवलेली असो वा नसो. आणि तो करायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, शिकवून तयार केलेली नर्स किंवा कार्यकर्ती पुरते.

उलटतपासणी

हेतू चांगला आहे, पण मी वकिली करतो म्हणून खडा टाकतो. तुमच्या त्या फोनची नोंद होणार. त्या नोंदीत 'मला नीट आठवत नाही' असं एक वाक्य आलं की समोरचा वकील ते दोन वर्षांनी कोर्टात वाचून दाखवणार. 'समुपदेशकानेच हिला पढवलं' हा तर ठरलेला डाव. साक्ष होईपर्यंत उपचार पुढे ढकलावेत असं म्हणणारे सगळे दुष्ट नसतात. खटला हरल्यावर त्या बाईचं मन कुठे जातं तेही बघा.

निशिगंध_७

@उलटतपासणी, आणि खटला चार वर्षं चालला तर? चार वर्षं तिने झोपायचं नाही? इंग्लंड आणि वेल्सच्या सरकारी वकील यंत्रणेने २०२२ मध्ये लेखी मार्गदर्शन काढलं, की तपास किंवा खटल्यापायी उपचार लांबवू नयेत. वकिलांच्याच यंत्रणेने.

उलटतपासणी

मार्गदर्शन कागदावर असतं. नोंदी मागवण्याचा अर्ज माझ्या टेबलावर असतो. आधी त्या नोंदींना कायद्याचं कुलूप घाला, मग फोन करा.

ठाम_मत

एवढा खल कशाला? गुन्हेगाराला कडक शिक्षा झाली की तिला आपोआप बरं वाटेल. पैसा तिकडे लावा.

डॉ_मनवा

@ठाम_मत, शिक्षा झाल्यावरही झोप न लागणाऱ्या बायका मी तपासते. दोन्ही हवं. एकाने दुसरं भागत नाही.

आता निशिगंध यांच्याशी भांडण. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. 'पहिल्या रात्री मनाचं फार काही करण्यासारखं नसतं' असा तुमच्या लिखाणाचा सूर आहे, तो मला धोक्याचा वाटतो. जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा विचार त्याच रात्री येऊ शकतो. तो विचारायचा कोणी?

अर्धं मात्र मान्य. त्या रात्री समोर बसवून 'सगळं सविस्तर सांग, मन मोकळं कर' असं करणं उपयोगाचं नाही. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घ्यायच्या पद्धतीचे अनेक अभ्यास झाले. त्याने पीटीएसडी टळत नाही, काही जणांचा त्रास उलट वाढलेला दिसला. दुसरी तितकीच वाईट सवय म्हणजे झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी. आघाताच्या लक्षणांसाठी पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपिन गटाच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय. तरी दिल्या जातात, कारण चिठ्ठी लिहायला अर्धा मिनिट लागतो आणि ऐकायला अर्धा तास.

'नर्स पुरते' हे मात्र साफ अमान्य. अडकलेल्या निम्म्या जणींना लागतो तो नेमका उपचार. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांनी मुळात बलात्कारातून वाचलेल्यांसाठीच बांधलेली विचार-प्रक्रिया उपचारपद्धती घ्या. साधारण बारा सत्रं. 'मी ओरडले नाही, म्हणजे माझीच चूक' या गाठीवर पुन्हा पुन्हा, पद्धतशीर काम. स्टॉकहोममधल्या आपत्कालीन केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांच्या अभ्यासात ७० टक्के जणींनी सांगितलं की त्या क्षणी शरीर बरंचसं गोठून गेलं होतं. हे माहीत असलेला माणूस आणि 'विसरून जा गं' म्हणणारा माणूस यांत फरक आहे. हौशी समुपदेशकांनी बिघडवलेल्या केसेस शेवटी आमच्याकडेच येतात.

निशिगंध_७

@डॉ_मनवा, जिवाच्या धोक्याबद्दल पूर्ण मान्य. ते लिहायचं राहिलं, चूक माझी. तो प्रश्न त्याच रात्री, सरळ शब्दांत विचारायलाच हवा.

पण तुम्ही सांगितलेली हीच पद्धत पूर्व काँगोत वापरली, तीही गटाने. अभ्यासात ४०५ स्त्रिया, कितीतरी जणी निरक्षर. चालवणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्या, प्राथमिक शाळेनंतर निदान चार वर्षं शिकलेल्या. लिहायच्या गोष्टी तोंडपाठ करता येतील अशा सोप्या केल्या होत्या. सहा महिन्यांनी गटातल्या ९ टक्के जणींमध्ये नैराश्य किंवा चिंताविकार असण्याची शक्यता दिसली, नुसता वैयक्तिक आधार मिळालेल्यांमध्ये ४२ टक्के. पीटीएसडीचंही चित्र तसंच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालंय. या कार्यकर्त्यांकडे कुठली पदवी होती?

डॉ_मनवा

पदवी नव्हती, पण डोक्यावर अनुभवी तज्ज्ञांची सतत देखरेख होती. ती ओळ सगळे गाळतात. शासन हा अभ्यास वाचून कार्यकर्ती नेमेल, दोन दिवसांचं प्रशिक्षण देईल, प्रमाणपत्राचा फोटो काढेल आणि देखरेखीचं पद रिकामं ठेवेल. मला भीती त्याची आहे.

निशिगंध_७

ही भीती मलाही आहे. मग आपण पदवीवर भांडण्यापेक्षा त्या रिकाम्या पदावर भांडू या का?

चाफेकळी

+१. वाचतेय.

आडनाव_नको

मी इथे सहसा लिहीत नाही. तुमच्या चर्चेत जी 'ती' आहे, ती मी आहे. सहा वर्षं झाली. ('पीडिता' म्हणू नका. फॉर्मवर वाचलं तेवढं पुरे.)

निशिगंध, तुमचा तो फोन. मला तो आला होता. खरंच, एका संस्थेकडून, दोनेक महिन्यांनी. मी घरी जेवत होते. घरात कोणालाच माहीत नव्हतं. पलीकडून एक गोड आवाज, 'आता कसं वाटतंय तुम्हाला?' मी 'राँग नंबर' म्हणून ठेवला आणि तो नंबर ब्लॉक केला. नंतर दीड वर्षं कुठेच गेले नाही. संस्थेच्या नोंदीत बहुधा 'संपर्क झाला, प्रतिसाद नाही' असं असेल.

आणि डॉक्टर, तुमच्या बारा सत्रांपर्यंत पोहोचायच्या आधी मी तीच गोष्ट पाच जणांना सांगितली होती. नोंदणीच्या खिडकीवर, भरल्या रांगेत, 'काय त्रास होतो?' इथपासून सुरुवात. पाचव्या वेळी मी ती अशी सांगितली की जणू शेजारणीची आहे. समोरच्या बाईंनी लिहून घेतलं, 'भावना सपाट'. आता हसू येतं, तेव्हा नाही आलं.

बरं वाटलं ते शेवटी उपचारानेच, तेही पदवीवाल्या बाईंकडे. पण त्यांच्यापर्यंत मला नेलं ते एका नर्सने. मी वेगळ्याच दुखण्यासाठी गेले होते. रक्तदाब घेताना मी दचकले, तिने पट्टा काढला आणि म्हणाली, 'तुम्ही सांगाल तेव्हा घेऊ.' एवढंच.

पारवा

आणि आम्ही पुरुष? वरचे सगळे आकडे स्त्रियांचे. मी हेल्पलाइनला फोन केला तेव्हा पहिला प्रश्न आला, 'कोणाच्या वतीने बोलताय?'

निशिगंध_७

@पारवा, माझ्या मूळ लिखाणातही फक्त 'ती' आहे. बरोबर पकडलंत.

@आडनाव_नको, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. मी असे फोन केलेत. 'राँग नंबर' ऐकलंय आणि तसंच नोंदवलंय.

१९७४ मध्ये अ‍ॅन बर्जेस ही नर्स आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ यांनी बॉस्टनच्या सिटी हॉस्पिटलमधलं आपलं काम लिहून काढलं, तेव्हा त्याही पुढे फोनवरूनच संपर्क ठेवत होत्या. मी वर्षानुवर्षं त्यांचा दाखला देते. पण त्या आधी प्रत्यक्ष भेटलेल्या असायच्या, रात्री-अपरात्री कॉल आला की तिथे पोहोचायच्या. फोनवरचा आवाज ओळखीचा होता. आमच्या वेळी यादी एकीची, फोन दुसरीचा. हा फरक मी आजवर मोजलाच नव्हता.

तर मागणी बदलते. पहिल्या रात्री निघताना त्या व्यक्तीलाच विचारायचं: संपर्क करू का, कुठल्या नंबरवर, किती वाजता, फोन की मेसेज, दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचं. आणि ज्या माणसाने विचारलं त्यानेच तो करायचा.

उलटतपासणी

आणि नोंद?

निशिगंध_७

तारीख आणि 'संपर्क झाला', एवढीच. बोलणं लिहायचं नाही. तुमच्या अर्जाला हाती काय लागेल?

उलटतपासणी

तारीख लागेल. तीही वापरतात लोक. पण कमी.

डॉ_मनवा

त्याच माणसाने फोन करायचा म्हणजे तो माणूस तीन महिने त्याच जागेवर टिकला पाहिजे. आमच्याकडे कंत्राटी समुपदेशक साडेचार महिन्यांत तिसरी आली आहे.

आडनाव_नको

मेसेज चालेल. 'तुमची वस्तू तयार आहे' असा काहीतरी. मी परत फोन केला असता की नाही, माहीत नाही. पण नंबर ब्लॉक केला नसता.