लॅपटॉपवर बिल्ड केलेला आर्म६४ कर्नल: पाय ४ बूट होतो पण वायफाय गायब

पायवाला_नाशिक
नमस्कार मंडळी, रास्पबेरी पाय ४ (आर्म प्रोसेसरचा छोटा कॉम्प्युटर) आहे माझ्याकडे, एका यूएसबी-सिरीयल ड्रायव्हरमध्ये थोडा बदल करून बघायचाय. पायवरच कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल करायला घेतला तर तासन्‌तास जातात म्हणून उबंटूच्या इंटेल लॅपटॉपवर क्रॉस कंपाइल (एका मशीनवर दुसऱ्या प्रोसेसरसाठी बिल्ड) करतोय. आधी जीसीसी कंपायलर बोंबलत होतं की "एम-लिटल-एंडियन" हा ऑप्शन ओळखीचा नाही, मग आर्च आणि क्रॉस_कंपाइल ही दोन्ही व्हेरिएबल एक्सपोर्ट केली आणि बिल्ड व्यवस्थित झाला. कार्ड माउंट केलं, इन्स्टॉल_मॉड_पाथ (मॉड्यूल्स म्हणजे कर्नलचे वेगळे लोड होणारे तुकडे कुठे टाकायचे तो पाथ) पण एक्सपोर्ट केला, सुडो मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल मारलं, एकही एरर नाही, इमेज कॉपी केली. आता पाय बूट होतो, युनेम कमांड कर्नलचं नवीन व्हर्जन दाखवतं, पण वायफाय नाही आणि एलएसमॉड (लोड झालेल्या मॉड्यूल्सची यादी) रिकामं. काय राहिलंय?

कर्नल_कट्टा
सुडो! रूट म्हणून कमांड चालवणारा सुडो तुझी एक्सपोर्ट केलेली व्हेरिएबल पुढे पाठवत नाही, बहुतेक डिस्ट्रोमध्ये एन्व्हायर्नमेंट साफ करूनच कमांड चालते. म्हणजे मेकला ना आर्च कळलं ना कार्डचा पाथ, त्याने सगळी मॉड्यूल्स मुकाट्याने लॅपटॉपच्याच /लिब/मॉड्यूल्समध्ये टाकली असणार. जाऊन बघ, पायच्या व्हर्जनचं फोल्डर तिथेच सापडेल, ते उडव. एरर येत नाही कारण इन्स्टॉल म्हणजे नुसती कॉपी, ती कुठल्या मशीनची मॉड्यूल्स आहेत हे तिथे कोणी विचारत नाही. बूट होतो कारण एसडी कार्डचा ड्रायव्हर आणि ईएक्सटी४ फाइलसिस्टिम कर्नलमध्येच बिल्ट-इन आहेत, वायफायचा ड्रायव्हर मात्र मॉड्यूल आहे, तो कार्डवर पोचलाच नाही.

तिन्ही व्हेरिएबल एक्सपोर्ट न करता मेकच्याच ओळीत, सुडोच्या नंतर लिही. आणि कार्डवरची जुनी कर्नल८ इमेज पुसू नको रे, नवीन इमेज वेगळ्या नावाने टाक आणि कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये "कर्नल=" ला ते नाव दे. बिघडलं तर ती एक ओळ काढली की जुना कर्नल परत.

तळेगावकर
वरचं बरोबर आहे, पण तो पहिला एरर का आला तेही समजून घे, नाहीतर पुन्हा भेटेल. आर्च म्हणजे सोर्समधल्या आर्च फोल्डरमधलं नाव, म्हणून युनेम जरी एआर्च६४ म्हणत असलं तरी इथे आर्म६४ च लिहायचं. क्रॉस_कंपाइल म्हणजे कंपायलरच्या नावाचा सुरुवातीचा तुकडा (प्रीफिक्स), एआर्च६४-लिनक्स-जीएनयू- असा, शेवटच्या डॅशसकट. नुसतं आर्च दिलं की मेकफाइल आर्मचे फ्लॅग इंटेलच्या जीसीसीला देते आणि तो गडबडतो. रिस्क-व्ही (आणखी एक प्रोसेसर आर्किटेक्चर) बोर्डवर गेलास तरी हेच, आर्च रिस्क-व्ही आणि प्रीफिक्स रिस्क-व्ही६४ चा.

सगळ्यात घातक म्हणजे मेन्यूकॉन्फिग, कर्नलचे ऑप्शन निवडायचा मेन्यू. आर्च न देता उघडलंस आणि सेव्ह केलंस तर .कॉन्फिग (निवडलेल्या ऑप्शनची फाइल) एक्स८६ ची म्हणजे इंटेलवाली होऊन बसते, आर्मचे ऑप्शन गायब, आणि हे कळतं खूप उशिरा. मी तर चार ओळींची शेल स्क्रिप्ट करून ठेवलीय आणि प्रत्येक मेक तिच्यातूनच मारतो. जीसीसीऐवजी क्लँग कंपायलर वापरत असशील तर एलएलव्हीएम=१ आणि आर्च एवढं पुरतं, कारण एकच क्लँग सगळ्या आर्किटेक्चरचा कोड काढतो.

निशाचर_डेव्ह
अजून एक गोष्ट, पुढेमागे अडशीलच. कर्नल बिल्ड होताना फिक्सडेप, मॉडपोस्ट असली छोटी टूल्स पण कंपाइल होतात, आणि ती होस्टसाठी असतात म्हणजे तुझ्या इंटेलसाठी. तेच बिल्ड फोल्डर उचलून पायवर नेलंस आणि तिथे बाहेरचं मॉड्यूल किंवा डीकेएमएस (बाहेरची मॉड्यूल्स आपोआप बिल्ड करणारं टूल) चालवायला गेलास की "एक्झेक फॉरमॅट एरर" येतो, आणि लोक कर्नलमध्ये चूक शोधत बसतात. पायवर मेक मॉड्यूल्स_प्रिपेअर चालवून ती टूल्स तिथल्या तिथे पुन्हा बनवायची, किंवा सरळ बाहेरची मॉड्यूल्सही लॅपटॉपवरच क्रॉस कंपाइल करायची. कुठल्याही बायनरीवर शंका आली की फाइल कमांड चालव, ती आर्म की इंटेल ते लगेच सांगते.

पायवाला_नाशिक
कट्टाभाऊ, अगदी तसंच निघालं, सगळी मॉड्यूल्स लॅपटॉपवर होती! आता वायफाय चालू झालं, मनापासून आभार. पण ड्रायव्हरमधल्या प्रत्येक बदलाला कार्ड काढा-घाला करायचं म्हणजे वैताग आहे, लॅपटॉपवरच टेस्ट होईल का?

तळेगावकर
होईल की. नुसतं मॉड्यूल बदलत असशील तर कार्ड काढायचं कारणच नाही, मॉड्यूलची .केओ फाइल एससीपीने नेटवर्कवरून पाठव, जुनं आरएममॉडने काढ, नवीन इन्समॉडने लोड कर. पूर्ण कर्नल तपासायचा असेल तर क्यूएमूचं आर्म६४ वालं सिस्टिम एम्युलेटर घे, मशीन "व्हर्ट" (त्यातलं आभासी बोर्ड) ठेव, तुझा यूएसबी डिव्हाइस पण लॅपटॉपमधून आत देता येतो. त्यासाठी पायची डीफकॉन्फिग (तयार डिफॉल्ट ऑप्शन) नको, आर्म६४ ची साधी डीफकॉन्फिग घे आणि तुझा ड्रायव्हर त्यात चालू कर. रूट फाइलसिस्टिम दिली नाहीस तर शेवटी "रूट माउंट होत नाही" म्हणून कर्नल पॅनिक (कर्नल थांबवणारा एरर) येईल, त्याला घाबरू नको, तिथपर्यंत आला म्हणजे कर्नल उठलाय. आर्मसाठी स्टॅटिक बिल्ड केलेल्या बिझीबॉक्सचं (शेल आणि साध्या कमांड्स एकाच बायनरीत) छोटं इनिटरॅमएफएस (मेमरीत लोड होणारी रूट फाइलसिस्टिम) दे, शेल मिळेल. हे दुसरं बिल्ड "ओ=" देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये कर, फक्त त्याआधी मेक एमआरप्रॉपर (सोर्स फोल्डर साफ करणारी कमांड) मागेल आणि ते .कॉन्फिग पण पुसतं, तेव्हा पायची .कॉन्फिग आधी बाजूला कॉपी करून ठेव.