'कच्चा कैदी' की 'न्यायाधीन बंदी'?

अनुवादिका, फोंडा:
कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहातील बंद्यांसाठी कायदेविषयक मदतीचे एक पत्रक मी मराठीत करीत आहे. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वी कोठडीत असलेल्या माणसाला मी 'कच्चा कैदी' म्हटले होते. भाषांतर तपासणाऱ्यांनी ते खोडून 'न्यायाधीन बंदी' लिहिले. आमच्या घरी आग्वादचा तुरुंग चालू होता तेव्हापासून 'कच्चा कैदी' हाच शब्द ऐकला आहे. तो चुकीचा कसा?

वकील, म्हापसा:
ताई, शब्द रूढ आहे, पण 'कैदी' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात शिक्षा होऊनच गेलेली असते. १९७९ साली हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे बिहारमधील अशी माणसे होती, ज्यांनी आरोपित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ खटल्याविना तुरुंगात काढला होता. शीघ्र सुनावणी हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने तेव्हा सांगितले. अशा माणसाला कैदी म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते.

निवृत्त शिक्षक, पेडणे:
वकीलसाहेब, 'कच्ची पावती', 'कच्चा खर्डा' यांतला 'कच्चा' आठवून पाहा. जे अजून कायम झालेले नाही, बदलू शकते, ते कच्चे. आरोपीचे निर्दोषत्व या शब्दातच शाबूत आहे. 'न्यायाधीन' हा शब्द चौथीपर्यंत शिकलेल्या बंद्याला कोण समजावणार?

अनुवादिका, फोंडा:
सर, मला त्याहून मोठी अडचण 'जामीन' या शब्दाची आली. मसुदा एका बाईंना वाचून दाखवला. त्यांचा भाऊ आत आहे. 'जामिनावर सुटका' ऐकताच त्यांनी विचारले, "पण त्याला जामीन कोण राहणार?"

निवृत्त शिक्षक, पेडणे:
त्यांचाच अर्थ मूळचा आहे. अरबी 'ज़ामिन' म्हणजे हमी घेणारा माणूस. पोर्तुगीजमधला 'फियादोर' तोच. सुटकेचा अर्थ मागाहून चिकटला.

वकील, म्हापसा:
आणि तो माणूस न मिळाल्यानेच गरीब आत राहतो. १९७८ च्या मोतीराम प्रकरणातील गवंड्याकडे दहा हजारांची हमी मागितली गेली, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्या भावाला जामीनदार म्हणून नाकारले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याने स्वतःच लिहून दिलेल्या हमीवर, गवंड्याला सोडले. गोव्यात कामाला आलेल्या परप्रांतीय मजुराची गत वेगळी नाही. म्हणून पत्रकात एक भेद जपा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या बंद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ काढला असेल, तर त्याची सुटका बंधपत्रावर होते, आणि या संहितेच्या व्याख्येत बंधपत्राला जामीनदार लागत नाही. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, तसेच एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना ही तरतूद नाही. पण जिथे ती आहे तिथे 'जामिनावर सुटका' लिहिणे ही चूकच ठरेल.

अनुवादिका, फोंडा:
मग 'जातमुचलक्यावर' लिहिते. मात्र तपासणारे तो शब्द परका म्हणून खोडतील.

निवृत्त शिक्षक, पेडणे:
'मुचलका' तुर्की आहे, मान्य. पण पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या प्रत्येकाने तो ऐकलेला आहे. 'बंधपत्र' वाचून त्या बाई पुन्हा कोणाच्या तरी दारात सही मागायला जातील.

वकील, म्हापसा:
सर, 'बंधपत्र' हा कायद्याच्या मराठीतला शब्द आहे, तो सोडता येणार नाही. कंसात 'जामीनदाराची गरज नाही' असे लिहा.