चालू कर्नलला बोलतं करताना : तुमचे केप्रोबचे अनुभव सांगा

तिसरा प्रहर

जुनी हार्डडिस्क रिकामी करत होतो. त्यात २००७ सालचं एक छोटं कर्नल मॉड्यूल सापडलं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) चालू असताना जोडायचा तुकडा. आजच्या कर्नलवर ते कंपाइलच होणार नाही, कारण त्यात जेप्रोब आहे, म्हणजे केप्रोबचाच (चालू कर्नलच्या आत तपासणीसाठी लावायच्या थांब्याचा) एक प्रकार, आणि जेप्रोब कर्नलच्या ४.१५ आवृत्तीतच बंद केला. पण वाचताना ते सगळं प्रकरण जसंच्या तसं आठवलं.

एका ग्राहकाचा फाइल सर्व्हर. पहाटे एका फोल्डरमधल्या फाइली गायब व्हायच्या. सर्व्हर रीबूट करायचा नाही, कर्नल बदलायचा नाही, अशी सक्त ताकीद. त्या सर्व्हरवरचे सगळे क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) लोकांनी पिंजून काढले होते, काही हाती लागत नव्हतं. शेवटी फाइल पुसणाऱ्या व्हीएफएस_अनलिंक या फंक्शनवर जेप्रोब लावला. त्याची गंमत अशी की हँडलरला, म्हणजे थांब्यावर चालणाऱ्या आपल्या कोडला, मूळ फंक्शनचेच आर्ग्युमेंट आयते मिळायचे. त्यामुळे कोणती फाइल पुसली जातेय आणि त्या क्षणी कोणती प्रोसेस चालू आहे, दोन्ही छापता आलं.

पहाटे लॉगमध्ये ओळी आल्या. प्रोसेसचं नाव : एनएफएसडी, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनना फाइली वापरू देणारी सेवा.

म्हणजे त्या सर्व्हरवर कोणी काही पुसतच नव्हतं! फोल्डर दुसऱ्या एका मशीनवर माउंट केलेला होता आणि तिथली साफसफाईची जुनी स्क्रिप्ट नेटवर्कवरून फाइली उडवत होती. सर्व्हर एक क्षणही बंद न करता हे कळलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मग आज मुद्दाम कर्नलमधली केप्रोब्स.सी ही फाइल उघडून डोक्यावरची टिप्पणी वाचली. ऑक्टोबर २००२, वंशी कृष्णा एस., पहिली आवृत्ती. जुलै २००४, सुपर्णा भट्टाचार्य, जेप्रोब. ऑगस्ट २००४, प्रसन्ना पंचमुखी, सुधारणा. तिघांचेही ईमेल पत्ते आयबीएमच्या भारतातल्या डोमेनचे. मग २.६.९ मध्ये हे मुख्य कर्नलमध्ये आलं. जगभरचे सर्व्हर ज्या सोयीवर तपासले जातात ती या लोकांनी घडवली, आणि आपल्याकडे या क्षेत्राबाहेर कोणाला त्यांची नावं माहीत नाहीत. म्हणून हा धागा. तुमचेही अनुभव लिहा, छोटे मोठे कसेही.

मिरजकर

एनएफएसडी वाचून उभा राहिलो खुर्चीतून! काय सुंदर उत्तर आहे.

लेकुरवाळी

मी या क्षेत्रातली नाही, नवरा आहे. रात्री दोनला फोन वाजला की "सर्व्हर बंद न करता बघायचंय" हे वाक्य मीही ऐकते. बंद न करता आत कसं बघतात, हे कोणी सोप्या भाषेत सांगेल का? पोळ्या करत करत वाचतेय.

आभा_के

@लेकुरवाळी ताई, सांगते.

प्रोग्राम म्हणजे मेमरीत ओळीनं मांडलेल्या सूचना. ज्या सूचनेपाशी बघायचंय तिची आधी बाजूला एक प्रत काढून ठेवायची. मग मूळ जागी, सूचनेच्या पहिल्या बाइटवर, ब्रेकपॉइंटचा बाइट लिहायचा. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरवर तो एकच बाइट असतो, सीसी. काम करता करता प्रोसेसर तिथे आला की ट्रॅप होतो, म्हणजे तो थांबून कर्नलकडे वळतो, कर्नल आपल्या हँडलरला हाक मारतो, आपण हवं ते टिपून घेतो. मग बाजूला ठेवलेली मूळ सूचना एका पावलापुरती चालवायची आणि पुढचा प्रवास पूर्ववत. एसटीच्या विनंती थांब्यासारखं समजा. गाडी क्षणभर थांबते, पण फेरी रद्द होत नाही.

काम झालं की मूळ बाइट परत जागेवर. मशीनवरच्या लोकांना पत्ताही लागत नाही.

लेकुरवाळी

कळलं!! नवऱ्याला विचारलं "तू सीसी बाइट लिहितोस का", तो बघतच राहिला. 😄

पुणेरी पॅच

आभाताईंनी छान सांगितलं. एक भर : हँडलर चालू असताना झोपता येत नाही, म्हणजे ज्यात वाट बघावी लागेल असं काहीही तिथे करायचं नाही. म्यूटेक्स (वाट बघायला लावणारं कुलूप) नाही, यूजर मेमरीतलं असं काही वाचायचं नाही जे त्या क्षणी मेमरीत नसेल तर डिस्कवरून आणावं लागेल. टिपा आणि निघा.

ओसरी

माझा अनुभव छोट्या बोर्डांवरचा. आर्म प्रोसेसर, सिरीयल कन्सोल ११५२०० बॉडवर. एका ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) कधीतरी हरवायचा. प्रिंटके (कर्नलचं कन्सोलवर छापणारं फंक्शन) टाकला की दोष गायब, काढला की हजर. का? हिशोब करा. ८० अक्षरांची ओळ, प्रत्येक अक्षराला १० बिट, म्हणजे ८०० बिट. ११५२०० च्या वेगाने ती ओळ बाहेर पडायला जवळजवळ ७ मिलिसेकंद. एवढ्या वेळात सगळी शर्यतच बदलून जाते. जे शोधायचं तेच आपण प्रिंट करून झाकतोय!

केप्रोब इव्हेंट लावले तेव्हा कुठे पकडता आलं. ते मेमरीतल्या रिंग बफरमध्ये लिहितात, कन्सोलच्या वाटेला जातच नाहीत. तरी ट्रॅपचा खर्च असतोच, फुकट काही नाही, पण सात मिलिसेकंदांपुढे तो काहीच नाही. शेवटी निघालं असं की इंटरप्टची नोंद पुसण्याचं काम आणि पुढचा इंटरप्ट सुरू करण्याचं काम उलट क्रमानं होत होतं. दोन ओळींची अदलाबदल. संपलं.

६४ बिटी आर्मवर केप्रोब ४.८ पासून आलेत बरं का, २०१६. त्याआधी त्या बोर्डांवर काम करणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत.

मिरजकर

@ओसरी, "प्रिंट करून झाकतोय" हे आमच्या टीमच्या फळ्यावर लिहिणार आहे उद्या.

निरभ्र

इथे सोलारिसवाले कोणी आहेत का? आमच्याकडे २००५ मध्ये सोलारिस १० ही ऑपरेटिंग सिस्टिम आली आणि त्यात डीट्रेस हे चालू सिस्टिम तपासायचं साधन. ब्रायन कॅन्ट्रिल, माइक शापिरो, अॅडम लेव्हेंथल यांचं काम. एका ओळीत विचारायचं, कोणतं फंक्शन किती वेळा बोलावलं जातंय, कोणत्या प्रोसेसकडून, आणि उत्तर गटवार मोजून समोर. हे आधी कोणी आम्हाला दाखवलंच नव्हतं. मी तेव्हा डेटाबेसकडे होते, स्टोरेजवाले म्हणायचे दोष डेटाबेसचा, आम्ही म्हणायचो स्टोरेजचा. डीट्रेसनं भांडण मिटवलं, कारण आकडे दोघांनाही दिसत होते. लिनक्सकडे आल्यावर ती सोय शोधत बसायची मी.

वैनतेय

@निरभ्र आता लिनक्सवर तसंच बीपीएफट्रेस आहे की! ४.१ पासून ईबीपीएफचे (कर्नलच्या आत सुरक्षितपणे चालणारे छोटे) प्रोग्राम केप्रोबवर लावता येतात. एका ओळीत हिस्टोग्राम. मॉड्यूल लिहायचं नाही, कंपाइल नाही, आणि प्रोग्राम कर्नलमध्ये शिरण्याआधी व्हेरिफायर तपासून घेतो. आमच्या पिढीला मॉड्यूलवाला काळ माहीतच नाही.

निरभ्र

वापरते हो. पण पहिल्या प्रेमाचं काय करायचं 🙂

तिसरा प्रहर

@वैनतेय, खाली तेच केप्रोब आहेत हे मात्र विसरू नका. २.६.३३ पासून तर केप्रोब_इव्हेंट्स या फाइलीत एक ओळ लिहिली तरी काम होतं, काही बसवावंही लागत नाही. ग्राहकाच्या मशीनवर कोणतंच टूल नसतं तेव्हा अजून तीच वाट.

पुणेरी पॅच

रिटर्न प्रोबबद्दल कोणीच बोललं नाही अजून. फंक्शन किती वेळ घेतं हे मोजायचं तर केरेटप्रोब. फंक्शनमध्ये शिरताना परतीचा पत्ता बदलून तिथे ट्रॅम्पोलिनचा (मध्ये ठेवलेल्या छोट्या कोडचा) पत्ता घालतो, परत येताना आधी आपल्याकडे यावं लागतं. सुंदर युक्ती.

पण त्याच्या मॅक्सअॅक्टिव्ह या आकड्याकडे बघा. एकाच वेळी ते फंक्शन जितक्या ठिकाणी चालू असेल तितक्या नोंदींची जागा आधी राखावी लागते. डिस्कची वाट बघणारं फंक्शन असेल तर शेकडो थ्रेड आत अडकलेले असतात, जागा संपते, आणि पुढचे फेरे नोंदलेच जात नाहीत. ते एनमिस्ड या आकड्यात जमा होतात. एका स्टोरेजच्या तपासात अहवाल आला, "सरासरी वेळ उत्तम". मी एनमिस्ड मागितला. तो प्रचंड निघाला. भार सगळ्यात जास्त तेव्हाच जागा संपायची, म्हणजे नेमक्या संथ फेऱ्यांतले बरेचसे गळून सरासरी काढली होती. मॅक्सअॅक्टिव्ह वाढवल्यावर खरं चित्र दिसलं. तेव्हापासून कोणाचाही अहवाल आला की माझा पहिला प्रश्न हाच.

आभा_के

+१. हे सोन्याच्या मोलाचं आहे.

मिरजकर

रात्रपाळीच्या डीबगिंगला जयसिंगपूरचं भडंग. बाकी काही चालत नाही. आमचा एक सहकारी बंगळुरूचा, त्याला लावलंय मी.

ओसरी

@मिरजकर अहो आमचं आजोळ जयसिंगपूर! स्टँडजवळच्या दुकानातलं का?

मिरजकर

घरचं हो, काकू करते. लसूण जास्त.

गवतफूल

मी तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर. कर्नलच्या सोर्समध्येच सॅम्पल्समध्ये केप्रोबचं उदाहरण आहे ते व्हर्च्युअल मशीनवर चालवून बघतेय. एका जुन्या लेखात डू_फोर्क लिहिलंय, माझ्याकडे ते फंक्शनच नाही. आणि काही फंक्शनवर प्रोब लावायला गेले की नकार येतो. असं का?

तिसरा प्रहर

@गवतफूल, शाब्बास, लेख वाचून न थांबता चालवून बघतेयस. डू_फोर्कचं आधी अंडरस्कोर लागलेलं नाव झालं, मग ५.१० मध्ये कर्नल_क्लोन. कर्नलच्या आतल्या फंक्शनांची नावं टिकतील असं वचन कोणीच दिलेलं नाही, म्हणून तुझ्याच कर्नलच्या कॅलसिम्सच्या (फंक्शनांची नावं आणि पत्ते) यादीत बघ.

आभा_के

नकाराचं कारण : केप्रोबची स्वतःची यंत्रणा ज्या फंक्शनांवर उभी आहे त्यांवर प्रोब लावला तर ट्रॅप हाताळताना पुन्हा ट्रॅप, त्यात पुन्हा ट्रॅप. म्हणून ती फंक्शनं नोकेप्रोब_सिम्बॉल अशी खूण करून वगळलेली असतात. डीबगएफएसमध्ये (कर्नल तपासणीसाठी दाखवतो त्या फाइलींच्या झाडात) केप्रोब्सच्या फोल्डरात ब्लॅकलिस्ट नावाची फाइल आहे, त्यात सगळी दिसतील.

आणि काही फंक्शनं यादीतच नसतील, कारण कंपायलरनं ती बोलावणाऱ्याच्या पोटात इनलाइन केलेली असतात. डीबगइन्फो (सोर्सशी जोडणारी माहिती) बसवलं असेल तर परफ प्रोब हे टूल त्यातलीही जागा शोधून देतं, अगदी सोर्सच्या ओळीनुसार.

गवतफूल

खूप खूप आभार दोघांचेही 🙏 कॉलेजात हे कोणीच सांगत नाही.

वैनतेय

४.१७ ला आमच्या सगळ्या स्क्रिप्ट्स एकदम कचरा छापायला लागल्या होत्या. ६४ बिटी एक्स८६ वर सिस्टिम कॉलच्या फंक्शनांना आवरण घातलं, आर्ग्युमेंट थेट रजिस्टरात नाहीत, पीटी_रेग्ज या रजिस्टरांच्या नोंदीच्या पॉइंटरमागे. आत एक पायरी उतरावं लागतं. तेव्हापासून सिस्टिम कॉलसाठी मी ट्रेसपॉइंटच (कर्नलमध्ये आधीच ठेवलेले थांबे) वापरतो. जिथे ट्रेसपॉइंट आहे तिथे केप्रोब लावू नये या मताचा मी आहे.

पुणेरी पॅच

सहमत. आणि एक मनातलं बोलतो. ५.७ मध्ये नावावरून पत्ता देणारं कॅलसिम्स_लुकअप_नेम मॉड्यूलना मिळेनासं केलं, तर लोक त्याच नावावर केप्रोब लावून पत्ता मिळवतात आणि प्रोब काढून टाकतात. तपासाचं साधन आहे हे, मागचं दार नाही. उत्पादनात पाठवायच्या ड्रायव्हरमध्ये हे दिसलं की मी रिव्ह्यूत अडवतोच.

मिरजकर

नाइलाज असतो कधीकधी दादा. व्हेंडरचा ड्रायव्हर, मुदत डोक्यावर.

पुणेरी पॅच

मुदत कळते मला. पण ज्याच्या सर्व्हरवर तो ड्रायव्हर चालणार त्याचा विचार आधी.

निरभ्र

बरोबर आहे. बाय द वे पाऊस पडतोय का पुण्यात? इथे अॅम्स्टरडॅमला पाच वाजताच अंधार.

ओसरी

@निरभ्र पाऊस नाही, थंडी पडलीय. हुरड्याचे बेत चाललेत.

वेगाचा विषय राहिला. साध्या केप्रोबला दोन ट्रॅप लागतात, एक ब्रेकपॉइंटचा, एक पाऊलभर चालवण्याचा. २.६.३४ मध्ये मासामी हिरामात्सु यांनी त्याजागी पाच बाइटची उडी घातली, जिथे तेवढी सुरक्षित जागा असेल तिथे. ट्रॅपच नाही. प्रोबच्या लिस्ट फाइलीत अशा प्रोबसमोर ऑप्टिमाइझ्ड लिहून येतं. पॅकेट मोजण्यासारख्या, सतत बोलावल्या जाणाऱ्या जागी हा फरक फार मोठा असतो.

लेकुरवाळी

नवरा शेजारी बसून पूर्ण धागा वाचतोय आता, जेवण गार झालं. तो विचारतोय, चालू प्रोब पुसायला गेलं की "बिझी" येतं ते का?

आभा_के

इव्हेंट अजून चालू असेल. आधी त्या इव्हेंटच्या इनेबल फाइलीत शून्य लिहायला सांगा, मग केप्रोब_इव्हेंट्समध्ये उणे चिन्ह, कोलन आणि इव्हेंटचं नाव. लिहिताना फाइलीच्या शेवटी जोडून लिहायचं, म्हणजे दोन बाण (>>). एकच बाण दिला तर बाकीच्यांचे प्रोबही पुसले जातात.

लेकुरवाळी

झालं म्हणतोय! आता जेवायला बसवते त्याला.