अठरा मिनिटांत काय कळतं? व्याख्यानमालेवरच्या पोस्टला उत्तर

बाळीवेसकर :
काल एका गटात पोस्ट फिरत होती : "व्याख्यानमाला म्हणजे पेन्शनरांचा विरंगुळा. वक्त्याला अठरा मिनिटं द्या, व्हिडिओ काढा, नेटवर टाका. दीड तास कोण बसतं?" रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

मी बसतो. सोलापुरात चाळीस वर्षं बसत आलोय. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी पुढं तो शिरस्ता उचलला. डॉक्टर, इतिहासकार, वकील, शेतीतज्ज्ञ, सगळे आपल्या गावात येऊन आपल्यासमोर बोलले, तेही फुकट.

एकदा माळढोकावर बोलायला पक्षी-अभ्यासक आले होते. पहिली वीस मिनिटं नुसतं गवत. लोक चुळबुळायला लागले. मग म्हणाले, मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही घरटं न बांधता, उघड्या माळावर. डोळे डोक्याच्या बाजूला, म्हणून उडताना समोरची वीजतार नीट दिसत नाही, आणि दिसली तरी एवढं जड अंग ऐन वेळी वळत नाही. ती वीस मिनिटं कशाला होती ते तेव्हा कळलं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आपल्या दारात आहे, पण मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं. अठराव्या मिनिटाला घंटा वाजली असती तर?

पुण्यातला सोलापूरकर :
सर, ती पोस्ट माझीच. 'विरंगुळा' हा शब्द चुकला, मागे घेतो. बाकी घेत नाही.

टेड म्हणजे छोट्या भाषणांची अमेरिकेतली परिषद, पहिली १९८४ ची. २००६ पासून त्यांनी भाषणं नेटवर फुकट टाकली आणि अक्कलकोटच्या पोरालाही जगातला शास्त्रज्ञ ऐकता यायला लागला. अठरा मिनिटांची मर्यादा असली की वक्ता घरून तयारी करून येतो. आपल्याकडं? गेल्या वर्षी मुद्दाम रजा टाकून आलो. वेळ सहाची. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, वर वर्गणीदारांचे सत्कार. वक्ता उभा राहिला सात वाजून दहा मिनिटांनी! मला परतीची गाडी होती, निम्म्यातून उठलो. ज्याला ऐकायला आलो त्याचा मुद्दा अजून मला माहीत नाही.

बाळीवेसकर :
सत्कारावर घसरू नका. मांडव कोण घालतं, खुर्च्या कोण मांडतं, वक्त्याचं जाण्या-येण्याचं भाडं कोण भरतं? दारोदार फिरून पावती फाडल्याशिवाय एक व्याख्यान होत नाही. ज्यानं खिशातून पैसे दिले त्याच्या गळ्यात एक हार पडला तर तुमचं काय गेलं?

पुण्यातला सोलापूरकर :
माझी सत्तर मिनिटं गेली. समोर बसलेल्या दोनशे लोकांचीही गेली. हार घाला की, पण भाषण झाल्यावर घाला.

बाळीवेसकर :
भाषण झाल्यावर कोण थांबतं? तुम्हीच निम्म्यातून उठलात.

सांगोल्याचा बागायतदार :
तुम्ही दोघं हारावर भांडत बसा मालक, इथं डाळिंबाच्या बागा चालल्यात. मी दोनशे झाडं उपटून जाळलीत. पानावर पाणीदार तेलकट डाग, मग फळाला चीर. तेल्या. जिवाणूचा रोग, पावसाच्या थेंबाबरोबर उडतो, रोगट गुटीबरोबर, म्हणजे कलमाच्या रोपाबरोबर, दुसऱ्या गावात जातो.

डाळिंबावर व्याख्यान आहे म्हणून एवढ्या लांबून गाडी मारली. माणूस जाणकार, यात शंका नाही. पण पडद्यावर सगळं इंग्रजी. माझा प्रश्न एवढाच होता : छाटणीची कात्री कशात बुडवायची, आणि दर झाडाला की दर ओळीला? प्रश्नांना वेळ नाही म्हणाले. चहाच्या टेबलाजवळ त्यांना गाठलं. कप खाली ठेवला आणि माझी कात्री हातात घेऊन दाखवलं : सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, आणि झाड बदललं की बुडवायची, दर वेळी. पाच मिनिटं. ती पाच मिनिटं ना दीड तासात होती, ना त्या व्हिडिओत आहेत.

पूर्व भागातली :
दादांचं अगदी खरं आहे. भाषेचं मीही सांगते. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले तेलुगू विणकर. आमच्या अप्पांनी तीस वर्षं मागावर टॉवेल काढले. शेडमध्ये शेजारच्याशी खुणेनंच बोलायचं. कानाच्या डॉक्टरांचं व्याख्यान होतं, अप्पांना हाताला धरून नेलं. डॉक्टर छान बोलले : आतल्या कानातल्या बारीक पेशी मेल्या की परत येत नाहीत, ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास असाल तर कानात बोळे घाला. हे अप्पांना मी रात्री घरी तेलुगूत सांगितलं. ते म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर?" डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ साली चीनला गेले आणि तिथली भाषा शिकून तिथल्या पोरांना शिकवलं. इथं आमच्या अशोक चौकात येऊन कुणी तेलुगूत बोलत नाही.

आणि वेळ सहाची ठेवता. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, ते नेमकं संध्याकाळी आलं तर बाई हंडा सोडून येईल?

बाळीवेसकर :
ताई, सोलापुरात मराठी व्याख्यानमाला मराठीतच होणार.

पूर्व भागातली :
सर, मी कुठल्या भाषेत लिहितेय? मराठीतच ना? व्याख्यान मराठीतच होऊ दे. शेवटी दहा मिनिटं आमच्यातलं कुणीतरी उठून तेलुगूत सांगेल, एवढंच म्हणते. वर्गणी पूर्व भागातूनही जाते.

पुण्यातला सोलापूरकर :
अप्पांचं वाचून गप्प बसलो होतो. ठीक आहे, कात्री आणि कान अठरा मिनिटांत बसत नाहीत. वक्त्याला तास द्या. पण अर्धा तास नुसते प्रश्न, आणि व्हिडिओत तेही घ्या. सत्तर मिनिटांचं मात्र मी विसरणार नाही.

बाळीवेसकर :
विसरू नका. प्रास्ताविक दरवर्षी मीच करतो, यंदा पाच मिनिटांत आवरतो. वर्गणीदारांचे हार शेवटी. वक्त्याची शाल सुरुवातीलाच, त्यात बदल नाही. तेलुगूचं समितीत मांडतो, शब्द देत नाही.

सांगोल्याचा बागायतदार :
आणि माइक खाली पाठवा. वर चढून बोलायला आमच्याच्यानं होत नाही.

पूर्व भागातली :
मांडलं की कळवा सर. अप्पांना डाव्या कानानं थोडं ऐकू येतं, पहिल्या रांगेत उजव्या टोकाची खुर्ची ठेवा.