आबांचे मोडलेले कान आणि सीपॅपच्या मास्कचा पट्टा

सुईदोरा, मंगळवार पेठ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात घरीच ब्लाऊज-ड्रेस शिवते. प्रश्न माझ्या वडिलांचा आहे, आणि थोडा शिवणकामाचाही.

आबा ६६ वर्षांचे. तरुणपणी लाल मातीत घुमलेले, खासबागेत लढलेले. मान अजून साडेसतरा इंच भरते. घोरणं तर आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पण गेल्या दिवाळीनंतर जेवताना घास हातात धरून डुलकी लागायला लागली, तेव्हा दवाखान्यात नेलं. झोपेची तपासणी झाली. तासाला ४१ वेळा श्वास अडतो असं निघालं. ३० च्या वर गेलं की गंभीर, असं डॉक्टरांनी सांगितलं. सीपॅप मशीन आणलं, म्हणजे झोपेत घसा मिटू नये म्हणून मास्कमधून सतत दाबानं हवा सोडणारं यंत्र, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क आणला.

अडचण कानांची आहे. कुस्तीत आबांचे दोन्ही कान मोडलेत. ज्यांनी पैलवान जवळून बघितलेत त्यांना कळेल, कान फुगून गाठीसारखा घट्ट झालेला असतो. मास्कचा खालचा पट्टा खरं तर कानाच्या पाळीखालून मानेवर जायला हवा. आबांच्या मानेवर तो ठरत नाही, वर सरकून कानावरच बसतो आणि रात्रभर घासतो.

आबा स्वतः बोलत नाहीत. विचारलं की "त्याला काय हुतंय" एवढंच उत्तर. मागच्या आठवड्यात उशीचा अभ्रा धुवायला काढला तर कानाच्या जागी चिंचोक्याएवढा रक्ताचा डाग. मग मशीनवर बघितलं, तर रोज जेमतेम तीन तास वापर. म्हणजे दुखलं की माणूस गुपचूप मास्क काढून ठेवतो आणि सकाळी "झोप चांगली लागली" म्हणून सांगतो.

मी पट्टा आवळून बघितला, तर हवा आणखीच सुटायला लागली आणि नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठला. कापूस ठेवला, तो तासाभरात सरकून पाठीखाली गेला. आता माझ्या डोक्यात असं आहे की खालचा पट्टा कापून मध्ये रुंद इलॅस्टिक जोडावं. हात बसलेला आहे, शिवायला जड नाही. पण मास्क महागाचा आहे आणि आबांच्या श्वासाचा प्रश्न आहे. कुणी केलंय का असं? कापड कोणतं वापरू?

रंकाळाकाठ

ताई, आधी कात्री बाजूला ठेवा. मी सात वर्षं मशीन लावून झोपतो. सुरुवातीला तुम्हाला सुचलंय तेच मी केलं होतं आणि एक अख्खा पट्टा वाया घालवला.

इलॅस्टिक सतत आत ओढत राहतं. मास्कचा पट्टा ओढण्यासाठी नसतोच, मास्क जागेवर धरण्यासाठी असतो. चेहऱ्याला लागणाऱ्या सिलिकॉनची आतली कड पातळ असते. हवा सुरू झाली की ती फुगते आणि गालाला टेकते. हवा अडवण्याचं काम ती कड करते. पट्टा आवळला की ती दबून चुरगळते आणि हवा तिथूनच फुसफुसायला लागते. तुमचं आवळल्यावर बिघडलं ते यामुळंच.

सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा मांडली, तेव्हाच्या रुग्णांना मास्क रोज रात्री सिलिकॉन लावून चेहऱ्याला चिकटवावा लागायचा. मला हे वाचून फार दिलासा मिळाला होता. पट्ट्याचा जोर हे यातलं मुख्य काम नव्हे, हे त्यावरून पक्कं डोक्यात बसलं.

आज रात्री एवढं करा. आबांना त्यांच्या नेहमीच्या उशीवर आडवं झोपवा. चारही पट्टे सैल करा. मशीन सुरू करा, मास्क हाताने चेहऱ्यापासून जरासा उचला आणि अलगद परत टेकवा. मग वरचे दोन पट्टे दोन्ही बाजूंनी बरोबरीने, त्यानंतर खालचे, हवा सुटायची थांबेल तेवढेच घट्ट करा. पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. बसवून मास्क लावला तर आडवं झाल्यावर गाल सैल पडतात आणि सगळा हिशेब बदलतो.

आणखी एक. आबा रात्री डोक्याला खोबरेल लावतात का? आपल्याकडच्या जुन्या माणसांची ती सवय असते. तेलावर पट्टा सरकतो. तेल सकाळी लावायला सांगा.

झोपतपासणी, सांगली

मी झोपेच्या तपासण्या करणारा तंत्रज्ञ आहे, रोज हेच बघतो. वरचं सगळं बरोबर आहे, दोन-चार गोष्टींची भर घालतो.

रक्त आलंय म्हणजे कातडी फाटलीय. कान आधी डॉक्टरांना दाखवा. जखम भरेपर्यंत तिथं काहीही घासता कामा नये, तुम्ही शिवलेलं मऊ कापडसुद्धा. तोवर मास्क बंद ठेवायचा की दुसऱ्या प्रकारचा लावायचा, हे त्यांनाच विचारा.

दुसरं, पट्ट्याची साईज बघा. पुष्कळ मास्कमध्ये चेहऱ्याच्या कुशनची साईज वेगळी आणि डोक्याच्या पट्ट्यांची वेगळी असते, पट्टे वेगळे मिळतातही. साडेसतरा इंचाच्या मानेला मध्यम पट्टा लावला असेल तर तो वर चढणारच. शिवायला बसण्याआधी हे तपासा.

तिसरं, आणि हे कृपा करून दोनदा वाचा. मास्कच्या पुढच्या भागावर बारीक भोकं असतात. श्वासातून बाहेर पडलेली हवा तिथून जाते. आवाज येतो, गार झुळूक लागते म्हणून लोक त्यावर कापड शिवतात नाहीतर चिकटपट्टी लावतात. असं केलं तर सोडलेलाच श्वास माणूस परत घेत राहतो. तोंड झाकणाऱ्या मास्कला एक झडपही असते. वीज गेली, मशीन बंद पडलं, तर ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. तिच्या आसपास दोरासुद्धा लोंबता कामा नये.

काही मास्कच्या खालच्या क्लिपांना लोहचुंबक असतं. आबांना किंवा त्यांच्या शेजारी झोपणाऱ्या कुणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर तसा मास्क वापरू नका.

व्हॅसलीनही लावू नका, सिलिकॉन खराब होतं.

इचलकरंजीकर

कापडाचं मी सांगतो, आमच्या घरात कापड विणायचे मागच आहेत. टेरीकॉट नको, सॅटिन नको, घाम शोषत नाही. थंडीतल्या स्वेटरचं मऊ कापड मानेला छान वाटतं, पण आपल्याकडच्या मे महिन्यात घामोळं उठेल. जुनं, धुवून धुवून मऊ झालेलं होजिअरी बनियन घ्या, त्यासारखं दुसरं काही नाही. आत भर म्हणून मांजरपाट घालायचं असेल तर कोरं वापरू नका. त्यात खळ असते, ती कातडीला टोचते. दोन-तीनदा गरम पाण्यात धुवून मगच कापा.

सुईदोरा, मंगळवार पेठ

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, काय काय केलं ते सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

कान डॉक्टरांना दाखवले. मलम दिलं आणि जखम भरेपर्यंत फक्त नाकपुड्यांना लागणारा छोटा मास्क लावायला सांगितला. त्यात आबांचं तोंड उघडायचं, घसा कोरडा पडायचा, पण नऊ दिवस त्यांनी निभावलं. त्या दिवसांत पट्टा हातात घेऊन नीट बघितला, तर आतल्या बाजूला मध्यम साईजचा शिक्का. दुकानदारानं मास्क देताना चेहरा मोजला होता, मान बघितलीच नव्हती. मोठ्या साईजचे पट्टे वेगळे मागवले आणि निम्मं काम तिथंच झालं. खालचा पट्टा आता पाळीच्या बराच खालून जातो.

उरलेल्यासाठी शिवायला बसले. मूळ पट्ट्यात सुई अजिबात घातली नाही. त्याच्या आत फोम असतो, टाके घातले की तिथून फाटत जातं. नुसती खोळ केली. आबांच्याच बनियनची पट्टी अडीच इंच रुंद, सहा इंच लांब कापली. पहिली खोळ नेहमीच्या सवयीनं शिवण आत घेऊन शिवली आणि चूक तिथंच झाली. बाहेरून सुरेख दिसत होती, पण आतली शिवण पट्टा दाबला गेला की कातडीवर उमटायची. सकाळी आबांच्या मानेवर दोऱ्याची सरळ रेघ. दुसऱ्या वेळी शिवण बाहेरच्या अंगाला ठेवली आणि कडा हातानं बारीक टाक्यांनी बसवल्या. दिसायला ओबडधोबड आहे, पण मानेला लागणारी बाजू हातरुमालासारखी सपाट.

मग खोळीला कानाच्या पुढं एक आणि मागं एक अशा दोन छोट्या गाद्या शिवल्या. मांजरपाटाच्या सहा-सहा घड्या, साधारण सुपारीएवढ्या. पट्टा या दोन गाद्यांवर टेकतो आणि मधल्या जागेत, कानापाशी, पुलासारखा अधांतरी राहतो. कानाला शिवतच नाही. गाद्या पहिल्यांदा जाड झाल्या होत्या, तेव्हा मास्क तिरका बसून डोळ्यात हवा जायची. प्रत्येकी दोन घड्या काढल्यावर जमलं. जास्त घातलं की चेहऱ्यापाशी बिघडतं, हे रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बघितल्यावर कळलं.

वेलक्रोची काटेरी टोकं होजिअरीत अडकतात, म्हणून खोळ टोकापासून बोटभर अलीकडंच संपवली. भोकांच्या आणि झडपेच्या आसपास काहीही नाही. चार जोड्या करून ठेवल्यात, रोज एक धुवायची, पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून. खोबरेल सकाळी.

परवा रात्री मशीननं सहा तास दहा मिनिटं दाखवली. दुपारी जेवताना आबा मला खासबागेतल्या एका कुस्तीचा डाव समजावून सांगत होते. भात गार झाला, पण सांगणं मध्ये तुटलं नाही. मी मुद्दाम उठले नाही.

एक अजून जमलेलं नाही. उजव्या कुशीवर वळले की उशी कानाला दाबते. डावा कान ठीक आहे, उजवा जास्त मोडलेला आहे. पाठीवर झोपा म्हणावं तर त्यांचा श्वास पाठीवरच जास्त अडतो. काय करू?

कागलची सून

ताई, माझी सासू घागर डोक्यावर घ्यायची तेव्हा चुंबळ करायची, तशी चुंबळ करा. जुन्या लुगड्याची गोल वेटोळी, मधलं भोक कान पूर्ण मावेल एवढं. उशीवर ठेवायची आणि अभ्रा वरून चढवायचा, म्हणजे सरकत नाही. माझ्या मिस्टरांच्या कानाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दीड महिना अशीच वापरली. फक्त चपटी करा, घागरीची उंच असते.

सुईदोरा, मंगळवार पेठ

वहिनी, हे मला कसं सुचलं नाही! आईचं एक इरकल लुगडं ट्रंकेत आहे, पण त्याला हात लावायला मन होत नाही. आबांनाच विचारलं. म्हणाले, "तिचंच घे." आज रात्री करते. भोक किती इंचाचं ठेवलं होतंत, तेवढं सांगाल का?

कागलची सून

साडेतीन. मोडलेल्या कानाला चार ठेवा.